दुपारी दार कोण ठोठावतं?

४ सप्टेंबर

ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी घे. आधी तक्रार ऐक.

तुमच्या परीक्षा मंडळाने आमच्या संध्याकाळच्या शाळेला दार लावून घेतलं आहे. काल घरामागच्या हॉलमध्ये माझ्या सोळा विद्यार्थिनी बसल्या होत्या. कुणी इस्पितळाच्या फरशा पुसून आलेली, कुणी दिवसभर बेकरीत उभी राहून पाय सुजलेली. शालान्त परीक्षेचा अर्ज भरायचा म्हणून केस विंचरून आल्या होत्या. अर्ज कागदावर चालत नाही, तुमच्या त्या संकेतस्थळावरच हवा, आणि तीस तारखेनंतर एक मिनिटही मिळणार नाही, हे तुम्हीच छापलंय. मी संगणक लावला. पडद्यावर आलं : ‘आपला प्रवेश रोखण्यात आला आहे. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.’

संपर्क साधायला गेलो, तर आमच्या परीक्षा केंद्राची मेलही त्याच दारातून जाते, म्हणून तीही बंद! म्हणजे तुरुंगाच्या कोठडीत आतून पाटी लावायची की ‘तक्रार असल्यास बाहेर येऊन सांगावी’. अगं, जुलमीतल्या जुलमी राज्यातसुद्धा आरोपीला आरोप वाचून दाखवतात. इथे आरोप नाही, सुनावणी नाही, थेट शिक्षा. आणि शिक्षा कुणाला? ज्यांच्या तोंडावर आयुष्यभर दारंच लागत आली, त्यांना.

फोन करणार नाही. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि मागून टकटक टायपिंग ऐकू येतं. तू त्या मंडळाच्या संगणक विभागात बसतेस, तेव्हा लेखी उत्तर दे. कोणत्या गुन्ह्यासाठी?

मामीचा निरोप : स्वेटर लोकरीचा आहे, गरम पाण्यात बुडवू नकोस.

आता आशीर्वाद.

मामा


७ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. स्वेटर बुडवून झाला. मामीला सांगू नका.

आरोप वाचून दाखवते. आमच्याकडे घुसखोरी ओळखणारी एक यंत्रणा आहे. रखवालदार समजा. त्याला माणसं दिसत नाहीत, फक्त पत्ते दिसतात. इंटरनेटवर तुमच्या घराला एक क्रमांक आहे, त्याला आयपी पत्ता म्हणतात. हॉल, घर, तुमचा संगणक, सगळ्यांचा मिळून तो एकच, आणि केंद्राचं खातं त्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच उघडतं, दुसरीकडून नाही. त्या पत्त्यावरून कुणीतरी केंद्राचा चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला. चोर असंच करतात, एकामागून एक किल्ल्या लावून बघतात. रखवालदाराने अख्ख्या घराला दार बंद केलं. त्याला तुमच्या सोळा जणी माहीत नाहीत आणि तुमचे विचारही माहीत नाहीत.

आता रागावू नका. मंडळाने ऑगस्टमध्ये सगळ्या केंद्रांचे पासवर्ड बदलले होते. तुम्ही टाइप करताना कळफलकावर टेबलावर आपटावं तसं बोट आपटता, हे मी पाहिलंय. एक अक्षर दोनदा उमटलं की झालं. आणि एकदा चुकलं की तुम्ही थांबत नाही, तावातावाने पुन्हा टाकता. रखवालदाराला ताव कळत नाही, मामा.

तुमचा पत्ता मी स्वतःच्या हाताने बंदीच्या यादीतून काढला आहे. आता प्रयत्न करा. सावकाश. एका बोटाने.

तुमची,
ठमी


१० सप्टेंबर

ठमे,

दार बंदच आहे.

तुझं पत्र सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं. घरी एकदा, वर्गात एकदा. ‘भाचीने स्वतःच्या हाताने दार उघडलंय’ हे वाक्य मी जरा उंच आवाजात वाचलं. मग संगणक लावला. ‘आपला प्रवेश रोखण्यात आला आहे.’ बेकरीवाली बाई म्हणाली, ‘सर, भाचीचा हात जरा आखूड दिसतो.’ सगळ्या हसल्या. मीच एकटा हसलो नाही.

आणि माझ्या बोटांची निंदा करायचं कारण नव्हतं. मी तीन तासांचं भाषण हातात चिटोरा न घेता करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ठरावांतले परिच्छेदच्या परिच्छेद मला पाठ आहेत, स्वल्पविरामासकट. मी तुमचा आठ अक्षरांचा पासवर्ड विसरीन? माझं स्मरण चुकलं असं म्हणणारा माणूस अजून मला भेटायचाय. भेटला तर तो घरातलाच असेल, असं दिसतंय.

चोर सोडून संन्याशाला फाशी, यालाच म्हणतात. इस्पितळातली ती बाई रजा बदलून आली होती. तिला पुन्हा रजा मिळणार नाही. हे तुझ्या रखवालदाराला समजावून सांग, किंवा तुझ्या साहेबांना. दोघांत फरक असेल तर.

मामा


१३ सप्टेंबर

ती. मामा,

या वेळी चूक माझी. लिहून देते, फ्रेम करून लावा.

मी रखवालदाराच्या यादीतून तुमचा पत्ता काढला, पण बाहेरच्या फाटकाची कडी वेगळी असते. रखवालदार सांगतो आणि फाटक कडी घालतं. मी यादी कोरी केली, फाटकाला कुणी सांगितलंच नाही. यादी म्हणते मोकळा, फाटक म्हणतं बंद. तुमचं पत्र वाचून साहेबांच्या समोर कपाळावर हात मारला. काल सकाळी कडीही काढली. माझ्या डोळ्यांनी बघितलं, तुमचा पत्ता मोकळा होता.

आणि दुपारी ये रे माझ्या मागल्या! पुन्हा बंद. तुम्ही संध्याकाळी वर्ग घेईपर्यंतसुद्धा दार टिकलं नाही.

म्हणून मी मागच्या सगळ्या नोंदी काढल्या. मामा, चुकीचा पासवर्ड संध्याकाळी येतच नाही. तुम्ही टाकलेला प्रत्येक वेळी बरोबर आहे. (हेही फ्रेम करा.) चुकीचा येतो तो भरदुपारी. हॉलला कुलूप असतं तेव्हा. तुम्ही जेवून आडवे झालेले असता तेव्हा. आणि रोज एकच चुकीचा पासवर्ड, ऑगस्टच्या आधीचा. तुमच्या घरात दुपारी कुणीतरी जुनी किल्ली घेऊन आमचं दार ठोठावतंय.

ते कोण हे कळेपर्यंत मी दार कितीही वेळा उघडलं तरी व्यर्थ आहे. ‘या घराला कधीच अडवू नकोस’ असं रखवालदाराला सांगता येतं, पण ते मामाच्या घराबद्दल सांगितलं तर साहेब मलाच फाटकाबाहेर काढतील. ते म्हणालेत, ‘एकदा उघडलं ती चूक, दुसऱ्यांदा ती ओळख, तिसऱ्यांदा उघडायचं तर आधी चौकशी.’

शोधा. आणि कृपा करून भाषण न करता शोधा.

ठमी


१६ सप्टेंबर

ठमे,

घरात दोन माणसं. एक मी, आणि मी झोपलेला असतो. दुसरी तुझी मामी, जिने आजवर त्या संगणकावरची धूळ सोडून कशाला हात लावलेला नाही. तिला यंत्रात रस नाही. परवा मी विचारलंसुद्धा, ‘तुला काही कल्पना आहे का गं?’ म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं,’ आणि चहाचं पातेलं इतक्या जोरात ठेवलं की माझा पुढचा प्रश्नच राहून गेला. तेव्हा घरातला संशय तू डोक्यातून काढून टाक.

मग बाहेरचे. शेजारच्या शिंप्याला उभं केलं. त्याच्या दुकानाची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे, आपलं वायफाय चोरत असेल. अर्धा तास उलटतपासणी घेतली. बिचाऱ्याने शेवटी कबूल केलं की गेल्या वर्षी माझ्या कोटाचं उरलेलं अस्तर त्याने परत दिलं नव्हतं. वायफायचं नाव त्याने माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. समोरच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यालाही विचारलं, तर तो आता माझ्याशी बोलत नाही.

चौदा दिवस उरलेत. काल दोघी वर्गाला आल्या नाहीत. एकीने निरोप पाठवला : ‘सर, जमत नसेल तर राहू दे, आम्हाला सवय आहे.’ ‘सवय आहे’! ठमे, या दोन शब्दांविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलो. आणि आज मला त्यांना काय सांगायचं? की एक अदृश्य माणूस दुपारी अदृश्य दार ठोठावतो, म्हणून तुम्ही दहावी होऊ शकत नाही?

मामा


१७ सप्टेंबर

ठमाबाई,

हे पत्र मी घरात बसून लिहीत नाही, शिंप्याच्या दुकानात बसून लिहिते आहे. अस्तरावरून तो बिचारा अजून घाबरलेलाच आहे.

दुपारी ठोठावते ती मी.

तू नोकरीला लागलीस तेव्हा तुझा जुना लॅपटॉप इथे टाकून गेलीस. तो मागच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या पेटाऱ्यात आहे. तुझे मामा झोपले की मी तो काढते. केंद्राचा पासवर्ड मला पाठ आहे, कारण तुझे मामा टाकताना तो मोठ्याने म्हणतात. पण तो बदलल्याचं कळलं नाही. नवीन मात्र पुटपुटत असावेत. आणि खरं सांगू? मी टाकायच्या आधीच तो लॅपटॉप आपला आपण काहीतरी करतो, झाकण उघडलं की चाक फिरत राहतं. तुझं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं आणि ‘जुनी किल्ली’ ऐकून माझ्या हातातलं भांडं सुटलं.

मला परीक्षेला बसायचं आहे. अभ्यास झालाय. हॉलची भिंत पातळ आहे, त्यांचा आवाज जाड आहे. चार वर्षं पलीकडे भाजी चिरत मी सगळा वर्ग ऐकलाय. भूमितीपुरती अडते, कारण फळा ऐकू येत नाही.

तू विचारशील, मग त्यांना सांगत का नाहीस. शाळेच्या वार्षिक सभेला तू आली आहेस. आठवतं? भाषणाच्या मध्यावर ते म्हणतात, ‘लांब कशाला जाता, माझ्या घरातच बघा! हुशार मुलगी, आणि नववीत तिची पाटी काढून घेतली!’ टेबलावर हात आपटतात. टाळ्या पडतात. मी पहिल्या रांगेत असते, सगळे माना उंच करून माझ्याकडे बघतात. माझी शाळा एकदाच सुटली गं, त्यांच्या भाषणात ती दर वर्षी सुटते. माणूस वाईट नाही. माझ्यावर झालेल्या अन्यायाची त्यांना खरोखर चीड आहे. त्या चिडीत मला कधी विचारायचं राहून गेलं, की तू बसतेस का गं?

आता सांगितलं तर आनंदाने नाचतील. आणि पुढच्या सभेत माझा अर्ज टेबलावर आपटतील. मला पास व्हायचंय ते माझं मी. नापास झाले तर तेही माझं मी. टाळ्यांशिवाय.

पण माझ्यापायी त्या सोळा जणी अडकणार असतील, तर मी लॅपटॉप पुन्हा पेटाऱ्यात घालते. तसं असेल तर कळव. पण मला पत्र लिहू नकोस, घरी आलेलं प्रत्येक पत्र ते मोठ्याने वाचतात, पाकिटावर नाव कुणाचंही असो. आणि फोन त्यांच्या खुर्चीला खेटून आहे. कसं कळवायचं ते तूच बघ, शिकलेली आहेस.

मामी

ता. क. स्वेटर आकसला असेल तर फेकू नकोस. मला ठाऊक आहे तू बुडवला असशील.


२० सप्टेंबर

ती. मामा,

हे पत्र नेहमीसारखं घरात मोठ्याने वाचा.

कारण सापडलं. काखेत कळसा आणि तुम्ही शिंप्याला वळसा घालत होता. मी तुमच्याकडे ठेवून गेलेला जुना लॅपटॉप आठवतो? तुमच्याकडे असताना केंद्राचे अर्ज मी भरायची, तेव्हा त्यात जुना पासवर्ड मीच साठवून ठेवला होता. त्याचं झाकण नुसतं उघडलं की तो कुणाला न विचारता जुना पासवर्ड घेऊन आमच्या दारात येतो, नाही म्हटलं की परत येतो, पुन्हा येतो. अगदी तुमच्या घराण्याचा शोभतो. तेव्हा यात कुणाचाही दोष नाही. कुणाचाही नाही, मामा. झाकण उंदराने उघडलं असेल असं समजा आणि उंदराच्या मागे लागू नका.

लॅपटॉप बंद करायची, फेकायची, लपवायची काही गरज नाही. त्यात जुन्याच्या जागी नवीन पासवर्ड एकदा घातला की ठोठावणं थांबेल आणि तोही सरळ आत येईल. रीत मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

आता वाईट बातमी. साहेब अडून बसलेत. तिसऱ्यांदा दार उघडायचं तर ‘चुकीचा पासवर्ड कोण टाकत होतं’ याचा केंद्रप्रमुखाच्या सहीचा खुलासा हवा. उंदीर चालणार नाही. लॅपटॉप आपोआप करत होता हेही चालणार नाही, मी वाद घालून थकले. म्हणतात, ‘यंत्र आपोआप उघडत नाही, माणसाचं नाव हवं.’ खुलासा पंचवीस तारखेपर्यंत आला नाही, तर या वर्षी केंद्र रद्द.

मी काय लिहा म्हणून सांगू, मला समजत नाही. तुम्ही खोटं लिहीत नाही हे मला माहीत आहे.

ठमी


२३ सप्टेंबर

ठमे,

आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं नाही. वाचायला उघडलं, पहिली ओळ बघितली आणि वाटलं, ही मुलगी मला मोठ्याने वाच असं कधीपासून सांगायला लागली? म्हणून मनात वाचलं. मग दुपारी झोपलो नाही. नुसता डोळे मिटून पडलो.

लॅपटॉप सापडला. जिथे होता तिथेच, जसा होता तसाच ठेवला आहे. पडद्यावर काय होतं ते विचारू नकोस. शेजारी एक वही होती, तिच्यात भूमितीची पानं तेवढी कोरी होती. तुझ्या मागच्या पानावरच्या रीतीने नवीन पासवर्ड त्यात मी घातला. ती दळण आणायला गेली होती तेव्हा. सावकाश, एका बोटाने. पहिल्याच प्रयत्नात बरोबर उमटला.

खुलासा सोबत जोडला आहे. तुझ्या साहेबांना नेऊन दे :

‘केंद्राचा जुना, चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणारा मी स्वतः आहे. वयोमानाने स्मरण दगा देतं. नवीन पासवर्ड लक्षात राहत नव्हता आणि हे मान्य करण्याची लाज वाटत होती. यापुढे काळजी घेईन. केंद्रप्रमुख.’

यावर तू मला काही लिहू नयेस. माझ्या स्मरणशक्तीबद्दल घराण्यात चर्चा झालेलीही मला चालेल.

दार उघडलं की सोळा अर्ज मी पाठवीन. यादीत सतरा दिसले, तर यंत्र बिघडलं म्हणून धावत सुटू नकोस.

एक सहज विचारतो. भूमितीचं असं एखादं पुस्तक मिळतं का, ज्यात सगळ्या आकृत्या मोठ्या काढलेल्या असतात आणि कुणी शिकवायला लागत नाही? मिळालं तर पाठव. माझ्या नावाने नको. स्वेटरच्या बदल्यात म्हणून मामीच्या नावाने पाठव. त्या दिवशी मी पाकीट फोडणार नाही.

मामा


१२ डिसेंबर

ठमाबाई,

पुस्तक पोचलं. तुला बरं सुचलं. आकृत्या बघितल्यावर लक्षात आलं, मी चार वर्षं ज्याला भलताच कोन समजत होते तो काटकोनच निघाला.

तू त्या लॅपटॉपला तिथून काय केलंस देव जाणे. एक दिवस झाकण उघडलं आणि चाक न फिरता सरळ दार उघडलं. माझा अर्ज गेला. तुझ्या मामांनी सतराच्या सतरा अर्जांवर मान्यतेचं बटण दाबलं. एकही वाचला नसणार. बोलणारी माणसं वाचतात कुठे?

अलीकडे त्यांचं जरा विचित्र चाललंय. दुपारी पूर्वी तासभर झोपायचे, आता दोन तास झोपतात, आणि घोरणं इतकं मोठं की खरं वाटत नाही. वर्गात बोलताना भिंतीच्या बाजूला तोंड करून बोलतात. भूमितीच्या वेळी तर फळ्यावर काढलेली प्रत्येक रेघ तोंडाने सांगतात : ‘आता मी ‘क’ पासून ‘ख’ पर्यंत सरळ रेघ ओढतो आहे, बरं का!’ बेकरीवाली त्यांना म्हणाली, ‘सर, आम्हाला दिसतंय.’ तर तिच्यावर डाफरले.

काल वार्षिक सभा झाली. हॉल भरला होता. नेहमीसारखे कागद न घेता उभे राहिले. मध्यावर आले. मला ते वाक्य कळतं, त्याआधी त्यांचा उजवा हात वर जातो. मी पर्सचा पट्टा घट्ट धरला. ते म्हणाले, ‘लांब कशाला जाता, माझ्या घरातच...’ आणि थांबले. हात वरचा वरच राहिला. लोक वाट बघत होते. मागून कुणीतरी ‘नववीत!’ म्हणून आठवणसुद्धा करून दिली.

त्यांनी वरचा हात खाली आणला, पेला उचलला, सगळं पाणी सावकाश प्यायले, आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

घरी येताना शिंपी म्हणाला, ‘सर विसरले वाटतं.’ ते म्हणाले, ‘वय झालं हो.’ घरी आल्यावर घशाला बरं म्हणून गरम पाणी करून दिलं. तेही निमूट प्यायले.

त्यांना अजून काही कळलेलं नाही, असं मी धरून चालते आहे. तूही तसंच धर. परीक्षा मार्चमध्ये आहे.

मामी